चंद्रोदय १०.०४

आई जर्मनीत स्टुटगार्टला माझ्याकडं आली ती बॅगेत सांगलीची दिनदर्शिका घेऊनच. "अगं, मोबाईलवर दिसतं सगळं," मी म्हटलं. "असू दे की," म्हणत तिनं ती फ्रीजवर लावून टाकली. जूनच्या पानावर संकष्टीच्या चौकोनात चंद्रोदयाची वेळ होती, रात्री १०.०४. आई, अण्णा (माझे वडील) आणि मी असे तिघं चार दिवस ऑस्ट्रियात इन्सब्रुकला निघालो तेव्हा संकष्टी मधेच येत होती, म्हणून आईनं वेळ चिठ्ठीवर उतरवून घेतली. नवऱ्याला रजा नव्हती. साखर मोजायचं मशीन फ्रीजवरच राहिलं, हे मागाहून कळलं.

अण्णा एकोणसत्तरचे. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये उसाच्या रसात साखर किती निघते ते मोजण्यात हयात गेली, आणि निवृत्त झाल्यावर वर्षाच्या आत ती त्यांच्याच रक्तात निघाली. हा विनोद आमच्याकडं इतका जुना झालाय की आता कुणी हसत नाही. संकष्टी मात्र त्यांनी मधुमेहापायी सोडली नाही. सांगलीत ते जमूनही जातं. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी रताळं, मधेच शेंगदाण्याचा लाडू, संध्याकाळी गणपतीच्या देवळात जाऊन येणं, साडेनऊला गोळी आणि दहाच्या सुमाराला ताट. उपवास नुसता नावाला. आई दिवसभर काही ना काही पुढ्यात ठेवत असते, त्यामुळं गोळीला खाली जमीन असते.

इन्सब्रुकमध्ये ती जमीन नव्हती. खिचडी नाही, रताळं नाही. सकाळच्या गोळीबरोबर दूध आणि केळं, दुपारी पुन्हा केळं. आणि चालणं! अण्णा सांगलीत भाजी आणायलाही स्कूटर काढतात, इथं केबल कारनं डोंगरावर काय गेले, इन नदीच्या काठानं काय फिरले. मलाही कौतुक वाटत होतं, मी फोटो काढत होते.

सूर्य मावळला सव्वानऊला. साडेनऊला अण्णांनी नेहमीच्या सवयीनं गोळी घेतली. १०.०४ झाले. चंद्र नाही.

छापील वेळ भारतातली, इतकं साधं आमच्या तिघांच्याही डोक्यात आलं नाही. इथं उन्हाळ्यात सूर्यच उशिरा मावळतो, मग चतुर्थीचा चंद्र अकरा वाजून गेल्याशिवाय कसा उगवणार? त्यातून इन्सब्रुक सगळ्या बाजूंनी डोंगरांच्या मध्ये. क्षितिजावर आलेला चंद्रही डोंगर चढून वर येईपर्यंत दिसायचा नाही. गंमत बघा, सांगलीत जूनमध्ये आभाळ भरलेलं असतं, चंद्र दिसतच नाही, म्हणून वेळ झाली की आम्ही जेवून मोकळे होतो. इथं आभाळ लख्ख होतं, त्यामुळं अण्णा खिडकीत बसून राहिले. ढग असते तर दहाला जेवले असते.

साडेअकराच्या सुमाराला ते काहीतरी असंबद्ध बोलायला लागले. "वजन झालं का गाड्यांचं?" म्हणाले. शर्ट घामानं भिजलेला. उजवा हात उचलता येईना, जीभ जड. मला वाटलं, अर्धांगवायू. ऑस्ट्रियात रुग्णवाहिकेला १४४ लावतात (११२ सगळ्या युरोपात चालतो), पण त्या क्षणी माझी बोटं १०८ दाबत होती. फोनवरच्या बाईनं पत्ता घेतला आणि लाईन सोडली नाही. आई साखरेचं पाणी करून चमचा त्यांच्या ओठाला लावत होती. बाई म्हणाली, नीट गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. आईच्या हातातून चमचा काढून घेणं हे त्या रात्रीतलं सगळ्यात अवघड काम होतं.

रुग्णवाहिका आली, मागोमाग दुसऱ्या गाडीतून डॉक्टर. बोट टोचलं. साखर ३१. साखर इतकी खाली गेली की कधीकधी हुबेहूब अर्धांगवायूसारखं दिसतं, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. शिरेतून ग्लुकोज दिलं आणि काही मिनिटांत अण्णांनी डोळे उघडले. स्ट्रेचर गाडीत चढवताना त्यांनी विचारलं, "मिरज आलं का?"

सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचं इस्पितळ काढलं, तेव्हापासून आमच्याकडं काही गंभीर झालं की एकच वाक्य, मिरजेला न्या. कर्नाटकातूनही माणसं तिथंच येतात. आणि मिरजेला एकट्यानं कुणी जात नाही. एक जण केसपेपर काढतो, एक जण ओळखीचा डॉक्टर शोधतो, चुलती डबा आणते, चार जण बाहेर चहा पीत उभे असतात. इथं मी, आई आणि पांढराशुभ्र रिकामा कॉरिडॉर.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न, गोळी कुठली? आईनं पर्समधून पट्टी काढली. मेडिकलवाल्यानं दहातल्या सहा गोळ्या कात्रीनं कापून दिलेल्या, नाव नेमकं दुसऱ्या तुकड्यावर गेलेलं. उरलं होतं नुसतं "एम २". सांगलीत तेव्हा पहाटेचे चार. आमच्या डॉक्टरांनी दुसऱ्या रिंगला फोन उचलला, आधी अण्णा शुद्धीवर आहेत ना विचारलं, मग औषधाच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. ग्लिमेपिराइड २ आणि मेटफॉर्मिन. ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो नसो, शरीराला इन्सुलिन सोडायला लावत राहते. तिचा अंमल बराच वेळ राहतो, वय झालेल्या माणसात जास्तच, म्हणून ग्लुकोज देऊन लगेच घरी सोडत नाहीत.

"शेवटचं जेवण कधी?" डॉक्टरांनी विचारलं. अण्णा चंद्राची वाट बघत होते, असं मी जर्मनमध्ये सांगितलं आणि स्वतःलाच ओशाळल्यासारखं झालं. ते मात्र जराही हसले नाहीत. रमजान आहे का, एवढंच विचारलं. त्यांच्याकडं तुर्की पेशंट बरेच येतात, उपवासात गोळी कशी बदलायची ते ते आधीच सांगून ठेवतात. मी म्हटलं, नाही, हे आमचं महिन्याला येतं.

पहाटे तीनला साखर पुन्हा ५२ वर आली, सलाइन वाढवलं. दोन रात्री ठेवून घेतलं. जेवणात उकडलेल्या पावाचा गोळा आला, क्नोडल म्हणतात त्याला. अण्णांनी तो उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "मोदक करताना पीठ बिघडलं की असं होतं."

विम्याचं मात्र चुकलं. युरोपात फिरायच्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचा विमा लागतो, तो होता. पण अर्जात "आधीचे आजार" या रकान्यात एजंटानं "नाही" लिहिलं होतं. हप्ता कमी बसतो म्हणे. त्याला दोष देऊन थोडं बरं वाटतं, पण तो अर्ज मला व्हॉट्सॅपवर आला होता आणि न वाचता मी 'ठीक' म्हणून अंगठ्याची खूण पाठवली होती. कंपनीबरोबर पत्रव्यवहार चालू आहे. बिलाचा आकडा आईला अजून सांगितलेला नाही.

त्या पहिल्या रात्री आम्ही दवाखान्यातून बाहेर पडलो तेव्हा चंद्र डोंगरावर आला होता. आईनं पाण्याच्या बाटलीतूनच अर्घ्य दिलं, मग म्हणाली, "सलाइनमधून साखर गेली, म्हणजे ह्यांचा उपवास मोडला का गं?" आत्याला फोन करून विचारलं. आत्या म्हणाली, शिरेतून गेलेलं धरत नाहीत.

आता दोघं सांगलीत आहेत. गोळ्या बदलल्यात. परवा आई मेडिकलवाल्याला म्हणाली, नाव असलेला तुकडाच मला देत जा. तो म्हणाला, "काकू, मग दुसऱ्या गिऱ्हाईकाला काय देऊ?"