पिशवीतली वाळू

परवा दुपारी माळ्यावरची प्रवासाची पिशवी झटकताना तिच्या कोपऱ्यातून चमचाभर वाळू वर्तमानपत्रावर सांडली आणि बाजूच्या कप्प्यातून चार घड्या घातलेला एक कागद निघाला. त्यावर माझ्याच अक्षरात ‘बेटावर करण्याच्या गोष्टी’ असा मथळा होता, खाली बारा ओळी होत्या आणि जेमतेम तीन ओळींपुढे बरोबरची खूण होती. सुट्टीवर जातानाही यादी केल्याशिवाय मला चैन पडत नाही. ताई याला ‘ऑफिस पाठीला बांधून नेणे’ म्हणते.

बेट होते हॅटरस, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यापुढचे. नकाशावर ते बेट वाटतच नाही. मुख्य भूमीच्या पुढ्यात कुणीतरी वाळूची रेघ ओढून ठेवावी तसे दिसते. एका अंगाला अटलांटिक गर्जत असतो आणि दुसऱ्या अंगाला पॅम्लिको साउंड या खाडीचे उथळ, निवांत पाणी पसरलेले असते. त्यामुळे सकाळी समुद्रातून सूर्य उगवताना पाहायचा आणि संध्याकाळी पाठ फिरवून पलीकडच्या पाण्यात तो बुडताना पाहायचा, एवढ्यावर माझ्या दोन ओळी निकालात निघाल्या. सायकल आणि होडी यांना ताईने आणि मी हातही लावला नाही. शिंपले ओहोटीला, त्यातही वादळ होऊन गेल्यावर चांगले मिळतात असे वाचून मी पहाटेचा गजर लावला होता; पण सापडलेल्या एकुलत्या एक अखंड शंखात एक खेकडा बिऱ्हाड करून होता, म्हणून तो शंख पाण्याच्या कडेला परत ठेवावा लागला.

जे खरोखर रमून केले ते यादीत नव्हतेच. रात्री टॉर्च घेऊन पुळणीवर गेलो, तर वाळूच्याच रंगाचा एक खेकडा बिळातून तिरपा बाहेर आला. पोटाशी कवटाळून आणलेला ओल्या वाळूचा गोळा त्याने दूर भिरकावला, देठांवरचे डोळे उभारून आमच्याकडे जरा रागानेच पाहिले आणि तो पुन्हा आत गेला. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. आम्ही दोघी अर्धा तास उकिडव्या बसून त्याचे घरकाम पाहत होतो.

तिसरी खूण दीपगृहापुढे होती. १८७० साली ते बांधले तेव्हा समुद्र त्याच्यापासून सुमारे १,५०० फूट दूर होता; १९७० पर्यंत तो १२० फुटांवर येऊन ठेपला. शेवटी १९९९ साली सुमारे ४,८०० टन वजनाचे ते दीपगृह जमिनीपासून सोडवून, रुळांवरून इंचाइंचाने सरकवत, २,९०० फूट आत नेण्यात आले. ते ऐकताना मला लहानपणीचे आमचे वाळूचे किल्ले आठवले. मी भरतीपुढे तट रचत, खंदक खणत घामाघूम व्हायची. ताई मात्र लाट जवळ आली की किल्ल्यावरचा राजा, म्हणजे एक शिंपला, उचलून चार पावले मागे नवा किल्ला घालायची. तो रडीचा डाव आहे म्हणून मी भांडायची, रडायची आणि माझा तट वाहून जायचा. दीपगृहाखाली उभ्या असलेल्या ताईने माझ्याकडे नुसते पाहिले, बोलली काहीच नाही. तेच जास्त झोंबले.

खरे तर अशी बेटेही ताईसारखीच खेळतात. उधाणाच्या लाटा समोरची वाळू उचलून बेटावरून पलीकडे टाकतात; पुढची कड झिजते, मागची भरत जाते आणि अख्खे बेट हळूहळू मुख्य भूमीकडे सरकते. घरांना मात्र असे सरकता येत नाही. त्याच बेटावरच्या रोडँथी गावात, पुळणीवर उंच खांबांवर उभ्या असलेल्या एका लाकडी घरात आम्ही उतरलो होतो. रात्री मोठी लाट आली की पलंगाला तिचा हादरा जाणवे आणि आम्हाला त्याची मौज वाटे. २०२० पासून त्या गावातली अशी अनेक घरे समुद्रात कोसळली आहेत.

संध्याकाळी मी ताईला फोन करून वाळूचे सांगितले. यादीवर ती पोटभर हसली, मग जरा थांबून म्हणाली, “अगं, आपलं ते घर आहे ना अजून?”

शोधले तर मिनिटभरात कळेल. मी अजून शोधलेले नाही. वाळू वर्तमानपत्रावर तशीच आहे.