आवाज येतोय का? : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या तोंडाला आमचं दुकान. पाटीवर आजही 'फोटो व व्हिडिओ शूटिंग : लग्न, बारसे, वाढदिवस' एवढंच आहे. फुटबॉल पाटीवर कधी चढला नाही, पण मंगळवार पेठेत शिरलो की पोरं 'लाईव्हवाले आले' म्हणूनच ओरडतात. पोट लग्नांनी भरलं, नाव फुटबॉलनं दिलं.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा फुकट झाला. त्याआधी शाहू स्टेडियमवरची मॅच बघायची तर पायरीवर जाऊन बसण्याला पर्याय नव्हता. पुण्याला नोकरीला असलेला, दिलबहार संघाचा चाहता पोरगा दर दहा मिनिटांनी घरी फोन लावून स्कोअर विचारायचा. त्या हंगामात आम्ही लग्नाचाच हँडीकॅम, कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं एक कॅप्चर कार्ड, पंखा घोंघावणारा लॅपटॉप आणि नेटचे दोन डोंगल घेऊन पहिली मॅच इंटरनेटवर लाईव्ह सोडली. बघणारे ४१, त्यातले निम्मे आमचेच पाहुणे.

भागीदार म्हणून मामा सोबत होता. माझा मामा नव्हे, अख्ख्या पेठेचा. तरुणपणी गोलकीपर, उजव्या हाताची करंगळी अजून वाकडी. नवरदेवाला लावतो तो कॉलर माईक त्याच्या शर्टाला लावला आणि बोल म्हटलं, तर गडी वीस मिनिटं गप्प. मग पाटाकडील संघाच्या कॉर्नरवर बचाव फळीतला एक जण नुसता बघत उभा राहिला आणि मामा उसळला, "अरं, मागं बघ की! मागं!" त्यानंतर तो थांबला नाही.

पण मामाला खरी कॉमेंट्री शिकवली ती मस्कतच्या आबांनी. मूळचे शिवाजी पेठेचे, तिकडं क्रेनवर. आपली चारची मॅच तिकडं अडीचला, म्हणजे ऐन ड्युटीत. फोन खिशात आणि एका कानात इअरफोन. त्यांचा मेसेज आला : 'मला दिसत नाही. बॉल कुणाकडं, डावीकडं का उजवीकडं, एवढं मामाला सांगायला सांगा.' तेव्हापासून मामा रेडिओवर बोलल्यासारखा बोलायला लागला. नव्यानं या धंद्यात येणाऱ्यांना माझं सांगणं, पहिले पैसे कॅमेऱ्यात घालू नका, माईकमध्ये घाला. चित्र अडकलं तर लोक वाट बघतात, आवाज गेला की निघून जातात. आणि एक्स्पोजर ऑटोवर ठेवू नका. चारच्या मॅचला अर्ध्या मैदानावर सावली आली की कॅमेरा खुळ्यासारखा उजळत-काळवंडत बसतो.

मग २०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ च्या वर. आम्ही शहाणपणा करून सगळा माल माळ्यावर चढवला होता. पाणी माळ्यावरही चढलं. आठवड्यानं शटर उचललं तर हार्ड डिस्क चिखलात, बॅटऱ्या फुगलेल्या. एक लेन्स वरून कोरडी ठणठणीत वाटली म्हणून जपून ठेवली. महिन्याभरानं उजेडाकडं धरून बघितली, तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी. विमा होता, पण दुकानाचा. आतल्या मालाचा नव्हता. हा फरक एजंट सांगत नाही, तुम्हीच विचारा. सहा लग्नं त्या डिस्कमध्ये होती. एका नवरीच्या वडिलांनी दुकानात येऊन जे सुनावलं, त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

तेवढ्यात आमच्याकडं ट्रायपॉड धरायला असलेल्या पोरानं स्वतःचं चॅनेल काढलं. काढावं, कुणाची ना नाही. पण आमच्याच जुन्या आयोजकांकडं जाऊन म्हणाला, "मी फुकट दाखवतो, पडद्यावर तुमचे बॅनर लावतो, त्यांच्याकडं आता कॅमेराच कुठाय?" एका स्पर्धेची फायनल आमच्या हातातून गेली. मी आणि मामा तिकीट काढून पायरीवर बसलो. त्याच्याकडं ड्रोन होता, गोलनंतर वाजणारं म्युझिक होतं. हाफटाइमला शेजारच्या पोराच्या मोबाईलवर नुसतं लोडिंगचं चाक फिरत होतं. मामा काही बोलला नाही, चिरमुऱ्याचा पुडा माझ्याकडं सरकवला.

मला ते लागलं नाही. लागलं ते पुढचं. दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर एका गोलची क्लिप फिरायला लागली, लोगो त्याचा. ती आमची, आदल्या हंगामातली. आमची स्कोअरपट्टी दिसू नये म्हणून वरून कापलेली. पण आवाज काढायचा राहून गेला होता. कापलेल्या चित्रामागं मामा ओरडत होता, "घे! घे! घेतलाच की रं!" दिवसभर दुकानात फोन : "काय मामा, तिकडं कधी गेलास?" त्या पोरानं माफी मागितलेली नाही. पाच वर्षं उलटून गेली, अजून समोर आला की हेल्मेट काढत नाही.

पुरानंतरच्या त्या हंगामासाठी जुना का होईना एक कॅमेरा घेता आला, तो आबांमुळं. त्यांनी मस्कतहून पैसे पाठवले. किती ते सांगायचं नाही असं त्यांनी बजावलंय. वर लिहिलं होतं, 'वर्गणी समजा.' पुढं मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं, मॅचही बंद, लग्नंही बंद. २०२१ च्या पुरात मात्र माल आधीच बहिणीच्या घरी नेला, तिसऱ्या मजल्यावर.

आता तीन कॅमेरे आहेत, चार सिमचं नेट एकत्र जोडून चित्र पाठवणारा एन्कोडर आहे. मामा उभा राहत नाही, खुर्चीवर बसून बोलतो, आणि शिट्टी व्हायच्या आधी रोज एकदा विचारतो, "आवाज येतोय का?" बघणारे हजारांत असले तरी मी एकाच नावाची वाट बघतो. परवाच्या मॅचला ते चौथ्या मिनिटाला आलं.

'येतोय. जरा सावकाश बोला, इकडं वारं हाय.'