आजींचं ऑपरेशन त्या दिवशी झालं नाही

गणपती आटोपले की आमच्या सिंधुदुर्गात मोतीबिंदूच्या ऑपरेशनांना गर्दी होते. चाकरमानी मुलगा घरी असतो, भातकापणीला वेळ असतो. मी थिएटरची सिस्टर. त्या सकाळी यादीत आचऱ्याकडच्या एक आजी होत्या. डावा डोळा पार पांढरा. ‘पिकान दे, मगे काढूया’ म्हणत दोन पावसाळे गेलेले.

थेंब घालण्याआधी प्रेशर घेतलं. २१०/११०. थोडा वेळ निजवून दुसऱ्या हातावर घेतलं, तेवढंच.

“आजी, सकाळची गोळी घेतलात?”

“नाय गो बाय. ऑपरेशनाक उपाशी येवचा लागता ना?”

शेजारणीचं पित्ताशय पूर्ण भूल देऊन काढलं होतं, तिचा नियम यांनी स्वतःला लावलेला. पानाच्या चंचीतून गोळ्यांची पट्टी निघाली. चार महिन्यांपूर्वीची, अर्धी भरलेली. डोकं दुखेल त्या दिवशीच गोळी घ्यायची, असा हिशेब. आणि जेवण म्हणजे पेजेबरोबर सुका बांगडा नाहीतर खारातली कैरी.

डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं. मुलगा चिडला. “जिभेखाली गोळी ठेवून उतरवा ना प्रेशर!” हे पुष्कळ जण सुचवतात आणि मला त्याचीच धास्ती वाटते. प्रेशर झटक्यात पाडलं तर मेंदूला रक्त कमी पडू शकतं. डॉक्टरांनी त्याला बसवून घेतलं. इतका टणक झालेला मोतीबिंदू नुसत्या थेंबांच्या भुलीवर सहसा निघत नाही. डोळ्याशेजारी इंजेक्शन द्यावं लागतं, छेदही मोठा घ्यावा लागतो. डोळा उघडला की आतला दाब एकदम उतरतो, आणि रक्तदाब असा चढलेला असेल तर पडद्यामागची रक्तवाहिनी फुटू शकते. क्वचितच होतं, पण झालं तर नजर टेबलावरच जाते.

आजींनी एवढंच विचारलं, “तुळशीच्या लग्नाक तरी दिसात मा?”

मुलगा मुंबईला गेला, सून मागे राहिली. तिने रोज गोळी दिली, दर आठवड्याला ग्रामीण रुग्णालयात नेलं, सुका बांगडा बंद केला. खरं श्रेय तिचंच. दसऱ्यानंतर आजी आल्या तेव्हा प्रेशर १४६/८४ होतं. ऑपरेशन सुरळीत पार पडलं.

पट्टी काढल्यावर आजी सुनेकडे बघून हसल्या. तक्त्यावर मात्र चौथ्या ओळीपुढे जाईनात. पडद्यातली एक शीर पूर्वीच कधीतरी तुंबली होती. प्रेशरवाल्यांत हे होतं, आणि पांढऱ्या मोतीबिंदूआडून ते आधी दिसणं शक्य नव्हतं. आजींना तेवढी नजरही पुरेशी वाटली. मला नाही वाटली. रोजच्या एका गोळीने ती शीर वाचलीही असती.

आता आदल्या संध्याकाळच्या फोनवर मी घरच्यांना गोळ्यांची पाकिटं हातात घेऊन नावं वाचायला लावते. प्रेशरची गोळी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायचीच. साखरेची आणि रक्त पातळ करणारी मात्र डॉक्टरांना विचारून.