पावणेपाचचं पाणी आणि दीडचं पाणी

एकाच तलावाचे, एकाच तारखेचे दोन आकडे. पहाटे पावणेपाचला 0.6, दुपारी दीडला 8.9. दोन्ही पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचे, लिटरला मिलिग्रॅममध्ये. मोजण्यात कुणाचीही चूक नाही. पहिला आमच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेचा, दुसरा तक्रारीनंतर चौकशीला आलेल्या खात्याचा. दुसऱ्या आकड्याच्या जोरावर एका मासेमाराला विषप्रयोगाच्या संशयात दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं होतं. तेव्हापासून हे दोन आकडे माझ्या डोक्यातून जात नाहीत.

तलावाचं नाव लिहीत नाही. कोल्हापूरच्या हद्दीला लागून, ग्रामपंचायतीच्या क्षेत्रात, साधारण पंधरा एकर पाणी. एका बाजूला जुनी गावठाणाची वस्ती, तीन बाजूंना गेल्या काही वर्षांत उठलेले बंगले आणि अपार्टमेंट. इथं घर घेणाऱ्यानं पाणी बघूनच घेतलेलं असतं. वारकरी पक्षी, पाणकावळे, जांभळ्या पाणकोंबड्या, संध्याकाळी झाडावर उतरणारे बगळे, हे सगळं बाल्कनीतून दिसतं. तलावात येणारा नाला मात्र शहराच्या हद्दीतून येतो. हद्दवाढीचा वाद आपल्याकडे इतका जुना आहे, की नाल्याचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येक बैठकीत हद्दीपाशी येऊन थांबतो. पाण्याला हद्द कळत नाही, पण बिलाला कळते.

मे महिना. आदल्या दिवशी संध्याकाळी वळीव कोसळला होता. रात्री दोनच्या सुमारास तात्यांचा फोन आला. मासेमारीचा ठेका त्यांच्या संस्थेकडे आहे. बीज सोडण्याआधी ते पाणी तपासून घेतात, म्हणून ओळख.

"सर, कटला वर आलाय. तोंड काढून गिळाय लागलाय. बॅटरी मारली तरी हालंना झालाय. बाटल्या घिऊन या."

या एवढ्या वाक्यांत निम्मं निदान होतं. निरोगी कटल्यावर बॅटरीचा झोत टाकला तर तो क्षणात खाली जातो. हलला नाही म्हणजे त्याला खाली जायला वाव नाही. वरच्या पातळ थरात हवेतून जो काही ऑक्सिजन उतरतो, तेवढ्यावर तो तग धरून असतो.

पाण्यातला ऑक्सिजन दिवसभर एकसारखा नसतो. शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेच शेवाळ तो ओढून घेतं. गाळातले जीवाणू तर चोवीस तास ओढतच असतात. त्यामुळे सूर्य उगवण्याआधीचा तास हा तलावाचा सगळ्यात वाईट तास. हिरवं पाणी जितकं दाट, तितका दिवसाचा आकडा चढा आणि पहाटेचा आकडा खोल. रंकाळ्याचं पोपटी झालेलं पाणी ज्यांनी पाहिलंय, त्यांना कुठला रंग म्हणतोय ते कळेल. त्या आठवड्यात या तलावाचा रंग तोच होता.

नमुना कसा घेतला ते सविस्तर लिहितो, कारण सगळा वाद नमुन्यावरच आहे. काठावरून बादली बुडवून घेतलेलं पाणी ऑक्सिजनसाठी निरुपयोगी. बादलीत पडतानाच त्यात हवा मिसळते. तीनशे मिलीची काचेच्या बुचाची बाटली, तळापर्यंत पोचणारी नळी, आणि बाटलीच्या दोन-तीन पट पाणी वरून वाहून जाईपर्यंत भरत राहायचं. बुडबुडा एकही नको. मग पिपेटचं टोक पाण्याच्या पातळीखाली धरून 2 मिली मँगनीज सल्फेट, त्यावर 2 मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड. अझाइड अशासाठी, की सांडपाण्यात नायट्राइट असतं आणि ते आकडा खोटाच वाढवून दाखवतं. बूच लावून बाटली उलटसुलट करायची. साका, म्हणजे तळाशी बसणारा गाळ, तपकिरी असला तर ऑक्सिजन आहे. पांढरा असला तर नाही.

तात्यांच्या होडीतून तीन ठिकाणचं पाणी घेतलं. नाल्याच्या तोंडाशी साका दुधासारखा पांढरा. तिथं बुरेट, म्हणजे द्रव थेंबाथेंबानं मोजून सोडायची नळी, लावायचीही गरज नव्हती. मध्यावर फिकट, जेमतेम रंग. सांडव्याच्या बाजूला थोडा गडद. साका बसला की जागेवरच 2 मिली गंधकाम्ल घालून बाटली अंधारात, गार ठेवायची. अशी बाटली काही तास टिकते. प्रयोगशाळेत 203 मिली घेऊन 0.025 नॉर्मल सोडियम थायोसल्फेटनं टायट्रेशन केलं, म्हणजे रंग जाईपर्यंत ते बुरेटनं थेंबथेंब सोडलं. या मापात जितके मिली थायोसल्फेट लागतं लिटरला तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन. मध्यावरच्या बाटलीला 0.6 मिली लागलं, सांडव्याच्या बाटलीला 1.4. मासे आणि वन्यजीवांसाठीच्या 'ड' वर्गाच्या पाण्यात किमान 4 हवा.

मीटरही होता. पण मीटरचा आकडा उद्या कुणीही 'कॅलिब्रेट केला होता का' म्हणून उडवून लावतो. बाटलीतला पांढरा साका दाखवता येतो. म्हणून होडीतच फोटो काढले, बाटलीशेजारी वेळ लिहिलेली चिठ्ठी ठेवून.

उजाडलं तेव्हा मेलेल्या माशांचा पट्टा वाऱ्याच्या दिशेला, बंगल्यांच्या बाजूला लागला होता. आणि इथं मेलं कोण, याच्याइतकंच मेलं नाही कोण हे बघायला लागतं. मोठे कटला आधी, मग रोहू, मग मृगळ. अंगठ्याएवढी पिल्लं काठाच्या गवतात जिवंत. चिलापी मेलेली थोडीच, तिला कमी ऑक्सिजन सोसतो. मरळ एकही मेलेली नाही, कारण ती हवेतून श्वास घेते. मऊ पाठीची कासवं दगडावर आलेली. दिवड पोहत होते. बेडूक जागेवर. पाण्यावर पळणारे किडे तसेच पळत होते.

कीटकनाशकानं मासे मेले असते तर उलटं चित्र दिसलं असतं. लहान मासे आधी किंवा सगळे एकदम, किडे मेलेले, बेडूक लोळागोळा, आणि मरायला पहाटच हवी असं काही नाही. मोठा मासा आधी, पहाटे, तोंड आणि कल्ले उघडे, हवेवर जगणारे सगळे शाबूत: ही गुदमरल्याची खूण आहे. मत्स्यशाळेतल्या कुठल्याही माणसाला ती पाठ असते. पंचनाम्याला मात्र असा माणूस कुणी बोलावत नाही.

कारणही जागेवरच होतं. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, हलकं होतं आणि तळाच्या गार पाण्यावर झाकणासारखं बसून राहतं. तळाशी ऑक्सिजन संपलेला, गाळातून सुटलेला कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू साठलेला. वळवाचं गार पाणी आणि वारा ते झाकण मोडतात. तळचं पाणी वर येतं. त्याच वेळी नाला उन्हाळाभराची घाण पहिल्याच लोंढ्यात आणून ओततो. वर ढग, म्हणजे संध्याकाळचा उरलासुरला प्रकाशही गेला. रात्री दोनपर्यंत शिल्लक संपली. दरवर्षी पहिल्या पावसात पंचगंगेत तेरवाड बंधाऱ्याशी माशांचा खच लागल्याच्या बातम्या येतात, त्याही वाचताना साचलेलं पाणी आणि पहिला लोंढा ही जोडी ध्यानात ठेवावी.

सात वाजता काठावर गर्दी. पहिली मागणी टीसीएल पावडरची. "दोन पोती मारा सर, वास तरी जाईल." ब्लिचिंग पावडर टाकली असती तर गवतात तगलेली पिल्लं आणि तिथं खाणारे पक्षीही गेले असते. ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यानं पोतं आणलंही होतं. त्याला सरपंचबाईंनी थांबवलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: टाकलं तर काय होईल, नाही टाकलं तर काय होईल. त्या सकाळी एवढं नेमकं दुसरं कुणीच विचारलं नाही.

मग सोसायटीचे अध्यक्ष आले. "हा माणूस रात्री दोनला पाण्यात काय करत होता?"

"मासा मराय लागल्यावर मी घरात निजू व्हय, साहेब?" तात्या म्हणाले.

होडीत पाणी उपसायला कापलेला कॅन होता. औषध फवारणीचा, अर्धा कापलेला, कित्येक वर्षं वापरून पांढरा पडलेला. आपल्याकडे अशा कॅनशिवाय होडी सापडणार नाही. पंचनाम्यात तो 'कीटकनाशकाचा डबा' म्हणून लिहिला गेला. ज्या माणसाची वर्षाची कमाई पाण्यावर उलटी पडली होती, त्यानंच ती मारली, असा तर्क शिकलेल्या माणसांनी केला. मला याचा राग तेव्हाही आला, आजही येतो.

चौकशीचं पथक दीडला आलं. ऊन कडक पडलेलं. नमुना नाल्यापासून दूर, घाटाच्या पायरीवरून, वरच्या वितभर पाण्यातून. 8.9. अहवालात शेरा: 'ऑक्सिजन पुरेसा, मत्स्यमृत्यूचे कारण अन्य असण्याची शक्यता.' त्या 'अन्य'चा अर्थ चौकीत लगेच लावला गेला.

आता 8.9 कडे नीट बघा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे. या उंचीला, तीस अंशांच्या पाण्यात हवेतून फार तर सातच्या आसपास ऑक्सिजन मावतो. मग वरचा जवळजवळ दोन कुठून आला? शेवाळानं उन्हात सोडलेला. म्हणजे हा आकडा पाणी चांगलं असल्याचा पुरावा नाही, शेवाळ माजल्याचा आहे. त्याच अहवालात सामू (पीएच) 9 च्या वर होता, तोही त्याच शेवाळाचा. सामू 7 असताना पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी शंभरातला जेमतेम एक भाग विषारी स्वरूपात असतो, 9 ला चाळीसच्या घरात जातो. आजाराची दोन लक्षणं कागदावर शेजारी शेजारी होती आणि शेरा 'पुरेसा' असा होता. पथकातली माणसं वाईट नव्हती. त्यांना गाडी अकराला मिळते, रस्त्यात दोन ठिकाणं असतात. पण कार्यालयाच्या वेळेत पोचणारी पद्धत पहाटे मरणारा मासा कधीच पकडू शकणार नाही, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

आम्ही अहवालाला बाटल्यांचे फोटो, मेलेल्या-जगलेल्या जातींची यादी आणि कल्ल्यांचे नमुने जोडले. कल्ले दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये, आणि कीटकनाशकाच्या तपासणीसाठी नुकतेच मेलेले मासे ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून बर्फात. प्लास्टिकच्या पिशवीत नाही, त्यातली रसायनं नमुन्यात उतरतात. फुगून वर आलेला मासा तपासणीला कामाचा नसतो. पण पुष्कळदा तोच पाठवला जातो, कारण तोच हाताशी लागतो. कीटकनाशकाचा अहवाल निरंक आला. तात्या त्याआधीच सुटले होते. कॅन अजून मुद्देमालात आहे.

मेलेले मासे त्याच दिवशी काढणं सगळ्यात निकडीचं होतं, आणि तिथंही 'कुणाची हद्द' सुरू झालं. इथं घाई वासासाठी नसते. कुजणाऱ्या माशांत बोट्युलिझमचे जिवाणू वाढतात, विष अळ्यांत साठतं, अळ्या खाऊन पाणपक्ष्यांची मान लुळी पडते, आणि मेलेल्या पक्ष्यांवर पुन्हा अळ्या. 2019 मध्ये राजस्थानच्या सांभर सरोवरात हजारो पक्षी याच रोगानं गेले. हे सांगितल्यावर सरपंचबाईंनी गावचा ट्रॅक्टर काढला. संस्थेच्या पोरांनी जाळ्यानं मासे ओढले, चुना पसरून, पाण्यापासून लांब, खोल खड्ड्यात पुरले. बंगल्यांतल्या दोन कॉलेजच्या मुली आणि एक निवृत्त शिक्षक शेवटपर्यंत हात लावायला होते.

आणि कारंजं. तलावात पाच अश्वशक्तीचं रंगीत कारंजं आहे. ते तेव्हा संध्याकाळी सहा ते नऊ चालायचं. म्हणजे पाण्यात ऑक्सिजन भरपूर असताना चालू, आणि संपायला लागला की बंद. पंधरा एकर आणि सरासरी दोन मीटर खोली धरली तर पाणी सव्वा लाख घनमीटरच्या आसपास. त्यात ऑक्सिजन एका मिलिग्रॅमनं वाढवायला सव्वाशे किलो लागतो. अशा यंत्रातून अश्वशक्तीमागे तासाला किलोभर उतरला तरी पुष्कळ. तेव्हा कारंज्यानं तलाव वाचणार नाही. पण त्याच्या भोवती माशांना तग धरायला जागा मिळते, आणि अशा रात्री तेवढीच लागते. फक्त पंपाचं शोषण तळाशी नको, नाहीतर तळचंच पाणी वर येतं. पृष्ठभागाखाली मीटरभर ठेवायचं.

ग्रामसभेत ठराव झाला: मार्च ते जून कारंजं रात्री अकरा ते सकाळी सात. टायमर बसला आहे, शोषण वर घेतलं आहे. सोसायटीनं संध्याकाळचे दिवे वेगळ्या मीटरवर मागून घेतले आणि रात्रीच्या वाढीव बिलातला अर्धा वाटा मान्य केला. पहाटेच्या नमुन्यासाठी तात्यांच्या संस्थेतल्या दोन पोरांना बाटली भरायला आणि साका बसवायला शिकवलं आहे. वळीव पडला की दुसऱ्या दिवशी पाचच्या आत तीन बाटल्या येतात. नाला अडवून वळवण्याचा प्रस्ताव दोन्ही हद्दींच्या टेबलांवर फिरतो आहे. त्याच्यासोबत पांढऱ्या साक्याचा फोटो जोडला आहे, वेळेच्या चिठ्ठीसकट.