हरकत कोणाचीच मागवलेली नाही

आज टपालाने आलेल्या पाकिटातून वृत्तपत्राचे बोटभर कात्रण आणि सोबत ते छापल्याचे प्रकाशकाचे प्रतिज्ञापत्र निघाले. वहिनींनी न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्समध्ये हिशेब लिहिण्याच्या कामासाठी काढलेल्या एलएलसीचे, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या कंपनीचे नाव, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), पत्ता, आणि उद्देश म्हणून ‘कोणताही कायदेशीर व्यवसाय’, असा त्यातला मजकूर.

आईने चष्मा लावून ते दोनदा वाचले. “आपल्याकडे फ्लॅट घेताना जाहीर नोटीस देतात, तिच्यात कोणाची हरकत असल्यास चौदा दिवसांत कळवा असे असते. इथे तर कोणाला काही विचारलेलेच नाही!”

तिचे म्हणणे खरे आहे. न्यूयॉर्क राज्यात एलएलसीच्या स्थापनेपासून १२० दिवसांच्या आत, काउंटी क्लार्कने (काउंटीच्या नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने) नेमून दिलेल्या एका दैनिकात आणि एका साप्ताहिकात ही सूचना सलग सहा आठवडे छापून आणावी लागते आणि मग ५० डॉलर भरून तसा दाखला राज्याकडे द्यावा लागतो. स्थापनेचे शुल्क २०० डॉलर. न्यूयॉर्क शहरातल्या जाहिरातीचा खर्च मात्र त्याच्या कित्येक पट, म्हणून अनेक जण कंपनीचा पत्ता स्वस्त अशा ऑल्बनी काउंटीतला दाखवतात. सूचना छापली नाही, तर केलेले करार रद्द होत नाहीत, पण ती छापून होईपर्यंत थकलेल्या बिलासाठी कोर्टात जाण्याची वाट अडू शकते.

राज्याच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव कोणालाही फुकट शोधता येते आणि शेजारच्या न्यू जर्सीत अशी अटच नाही. मग या सहा आठवड्यांचा उपयोग वृत्तपत्रांखेरीज नेमका कोणाला होतो?