शब्द कुणाचे?

नव्या म्युझिक ॲपवर माणिक वर्मांचं भावगीत लावलं. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "शब्द कुणाचे रे? बघ ना."

स्क्रीनवर गायिकेचं नाव, कंपनीचं नाव, कोणता मित्र आत्ता काय ऐकतोय तेसुद्धा. तीन टिंबांवर दाबून पाहिलं. कवी कुठेच नाही!

आकाशवाणीवर गीत, संगीत, स्वर अशी तिन्ही नावं सांगायचे. १९५५ साली पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं आणि कवी गदिमा (ग. दि. माडगूळकर) आणि संगीतकार बाबूजी (सुधीर फडके) ही नावं घराघरांत जोडीनंच घेतली जाऊ लागली. 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर तर कित्येक गाण्यांचा रागही मिळतो.

भावगीत म्हणजे आधी कविता. मग कवीलाच का वगळायचं? फार लागलं मनाला.

तुमच्या ॲपवर दिसतं का हो कवीचं नाव?