गवार नव्हती

आज बुधवार. बुधवारी गवार. फ्रीजवर चिकटवलंय तसं, माझ्याच अक्षरात. तर आज मावशींकडे गवार नव्हती. झालं एवढंच.

"ताई, गवार संपली बघा, घेवडा देऊ? का भेंडी? दोडका पण कवळाय." आणि मी नुसती उभी. भेंडी म्हणजे धुवा पुसा कोरडी करा, दोडका ह्याला चालत नाही मग त्याला ऑम्लेट, मग अंडी आहेत का घरी, चार होती की दोनच, सकाळी कोणी खाल्ली का, असं डोकं पळत सुटलंय आणि तोंडातून एक शब्द नाही, मागे एक काका पिशवी झुलवतायत. शेवटी मावशींनीच पाव किलो घेवडा तोलला, वर कोथिंबीर टाकली आणि म्हणाल्या, "न्या हे. उद्या गवार बाजूला ठेवते."

पैसे स्कॅन केले आणि जिन्यात येऊन रडले. ३६ वर्षांची बाई, ऑफिसात अख्ख्या डिपार्टमेंटचं बजेट बघते, आणि गवारीसाठी रडते.

गवार तरी कुठली सोपी, तीही मोडतच बसायला लागते की! पण ती ठरलेली असते ना. कामाचं काही नाही, ठरवायचं म्हटलं की मी संपते. त्यात एडीएचडीची (लक्ष एका जागी टिकत नाही, ते) सकाळची गोळी संध्याकाळपर्यंत उतरलेली असते, आणि भाजी नेमकी सात वाजता. डॉक्टर म्हणाल्याच होत्या, संध्याकाळी ठरवायला काही शिल्लकच ठेवू नका. म्हणून तो कागद, म्हणून एकसारखे पाच कुर्ते. आई म्हणते आम्ही नाही का केलं सगळं. असो.

निर्णय घेऊन घेऊन माणूस दमतो याबद्दल मध्ये रात्री दोनपर्यंत वाचत बसले होते (झोपायचं कधी हेही ठरवता येत नाही). सगळं सुरू झालं १९९८ च्या एका प्रयोगापासून, समोर चॉकलेटची बिस्किटं ठेवून काही जणांना फक्त मुळा खायला लावला आणि मग कोडी दिली, तर मुळावाल्यांनी लवकर हात टेकले. म्हणे मनाचा जोर खर्च होतो. पुढे २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून त्याच कल्पनेची पुन्हा चाचणी घेतली, तर जवळजवळ काहीच हाती लागलं नाही. म्हणजे मी दमते ते शास्त्रालाही नीट पकडता येत नाहीये. छान.

पण मला टोचतंय ते हे नाहीच. मावशींनी माझ्यासाठी ठरवलं तेव्हा मला इतकं सुटल्यासारखं वाटलं, की त्याचीच लाज वाटली. त्यांना माझी दया आली का? की रांग पुढे सरकवायची होती? त्यांना कळलं का काही, आणि त्यांना कळतं तर मग घरात... नको, आज तो विषय नको. दया असेल तर असू दे. पण "उद्या गवार बाजूला ठेवते" हे दयेने म्हणतात का? गिऱ्हाईक आहे मी, बुधवारचं गवारीचं, एवढंच असेल. माझ्या त्या कागदाची एक प्रत बहुतेक त्यांच्या डोक्यात आहे.

आणि तसंही, एडीएचडीच्या २०१३ पासूनच्या निकषांप्रमाणे लक्ष न टिकण्याच्या नऊ लक्षणांपैकी निदानाला लहान मुलांना सहा लागतात, मोठ्यांना पाच पुरतात. आयुष्यात पहिल्यांदाच मला एका मार्काचं ग्रेस मिळालंय, आणि मी रडतेय जिन्यात.

उद्या गुरुवार, कागदावर पालक. आणि बाजूला ठेवलेली गवार. आता हे एक.

घेवड्याचे दोरे काढून झाले तर हा आत डोकावून विचारतो, "बटाटा घालायचा का ह्यात?"

म्हटलं, मावशींना विचार.